दोनशे तीसच्या पुढे

मिनिटाला दोनशे तीस मिलिमीटर. त्याच्या पुढे मशीन सरकेल तर शपथ. तिनं कॉम्प्युटरवर आठशे टाकून पाहिलं, हजार टाकलं, रागाच्या भरात पाच हजारही टाकलं. मशीनचं टेबल आपलं नव्या चपला चावत असलेल्या माणसासारखं, जपून जपून चाललेलं.

धातू कोरायचं हे मिलिंग मशीन सासऱ्यांचं. उभी हयात त्यांनी त्याची चाकं हातानं फिरवली. ती चाकं काढून तिनं तिथे तीन स्टेपर मोटरी बसवल्या होत्या, कॉम्प्युटरच्या हुकमावर पावलापावलानं फिरणाऱ्या. हे सगळं बाळंतपणाच्या रजेत, चिमीच्या झोपेतून मिळालेल्या वेळात केलेलं. आणि रजा सोमवारी संपत होती. मग सकाळी सहाची शिफ्ट, म्हणजे लेक डोळे उघडायच्या आत घर सोडायचं. त्यातून सुटायची वाट एकच होती. व्हीलचेअरच्या कारखान्यातल्या मॅनेजरबाई ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटचं काम घरी द्यायला तयार होत्या. अट साधी: एक नग चाळीस मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, आणि नमुना शुक्रवारी पाचला तयार पाहिजे.

आज शुक्रवार. दीड वाजलेला. आणि मशीनला एका नगाला लागत होते दोन तास दहा मिनिटं.

"मिस्त्रीणबाई," सासरे दारातून म्हणाले, "माझ्या हातानं एव्हाना दोन झाले असते."

"बाबा, प्लीज. आत्ता नको."

"बरं बाई. राहिलं."

तीन दिवस ती या एका आकड्याशी झुंजत होती. टेबल घट्ट धरणाऱ्या गिब पट्ट्या सैल केल्या, तेल घातलं, तारा उपसून पुन्हा जोडल्या, जास्त व्होल्टचा पॉवर सप्लाय आणून लावला. आकडा ढिम्म. दिराला फोन लावला, तर त्यानं अख्खं ऐकून न घेताच निकाल दिला, "वहिनी, मोटरीच भंगार आहेत. बदलून टाका." जणू दारात मोटरींचं झाड होतं. तिनं फोन ठेवला आणि पाना इतक्या जोरात आपटला की शेजारच्या खोलीत चिमी झोपेत दचकली. दोघंही श्वास रोखून उभी राहिली. चिमीनं एक सुस्कारा टाकला आणि ती पुन्हा गाढ झाली.

"एक विचारू?" सासरे कुजबुजले. "ही मोटर चालता चालता कुठे घसरते का? माप चुकतं?"

"नाही हो. एकदाही नाही. तेवढंच एक बरं आहे."

"मग ती दमलेली नाही. दमलेली मोटर धडपडते. हिला कुणीतरी सांगितलंय, हळू चाल म्हणून."

मोटरींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या पेटीचं झाकण तिनं काढलं आणि आतल्या इवल्याशा स्विचांकडे पाहिलं. आणि तिथेच मटकन बसली.

चौसष्ट.

चिमी दोन महिन्यांची असताना मोटरींच्या खडखडाटानं किंचाळत उठायची. तेव्हा तिनं शोधून काढलं होतं की मोटरीच्या एका पावलाचे चौसष्ट तुकडे केले की ती लोण्यासारखी फिरते, आवाजच येत नाही. स्विच फिरवले, चिमी झोपली, आणि त्या आनंदात ही स्टुलावर बसून रडली होती. त्यानंतर त्या स्विचांना तिनं हात लावला नव्हता. तीन दिवसांत सगळं तपासलं, ते सोडून. कारण तेवढी एकच गोष्ट मनासारखी झाली होती.

"बाबा, एक पाऊल टाकायला हिला चौसष्ट वेळा 'चल' म्हणावं लागतंय. कॉम्प्युटर तरी किती भरभर बोलणार?"

"मग कमी बोलायला लाव."

तिनं चौसष्टचे आठ केले. पण घाईत ते कॉम्प्युटरला कळवायचं राहून गेलं. बटण दाबलं मात्र, टेबल सांगितल्याच्या आठपट पळालं, नग पकडणारा व्हाइस कटरवर आदळला आणि कटर कट्कन मोडला.

तिला वाटलं, आता भोकाड पसरावं. खरंच पसरावं, चिमीसारखं. सासऱ्यांनी आपल्या जुन्या डब्यातून एक कटर काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "याच मापाचा आहे. शेवटचा आहे, एवढं लक्षात ठेव."

तिनं आकडे दोनदा तपासले. मग तिसऱ्यांदा. आठशे टाकलं.

टेबल आठशेनं धावलं. आणि मोटरी बोंबलल्या. भिंतीला लावलेले पाने थरथरले, आणि पलीकडून तो आवाज आलाच: आधी कुरकुर, मग टाहो.

तिचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला. रडणं ऐकताच दूध उतरलं, कुर्ता ओला झाला. पण कटर धातूत होता. आता थांबवलं तर तिथे व्रण राहणार, नग बाद. आणि पुन्हा लावायला दुसरा तुकडाही कापलेला नव्हता.

"मी घेतो तिला," सासरे आवाजाच्या वर ओरडले. "तू बघ तुझं!"

ते चिमीला खांद्यावर टाकून आले आणि दारात उभे राहिले. ती रडून लालबुंद. ते तिला सांगत होते, "बघ, आई कशी गोंगाट करते! आणि आपण रडलो की आपल्याला बोलते!" चिमीनं रडता रडता मशीनकडे पाहिलं, उचकी दिली, पुन्हा रडली. सदतीस मिनिटं. त्यातली वीसेक तरी ती रडलीच. कटर वर उचलला गेला तेव्हा आईनं नगाकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुसले न पुसले आणि लेकीला पदराखाली घ्यावं तसं ओढणीत घेऊन ती लाकडी खोक्यावर बसली.

"उद्यापासून उलटं करायचं," सासरे म्हणाले. "ही जागी असली की मशीन चालू. मी आहे हिला घ्यायला. झोपली की बंद, आणि तूही झोप. बघ जरा आरशात."

मॅनेजरबाई बरोबर पाचला आल्या. स्वतःचा व्हर्निअर काढून त्यांनी ब्रॅकेट सहा ठिकाणी मोजला, कडेवरून बोट फिरवलं.

"किती वेळ लागला?"

"सदतीस मिनिटं."

"ठीक. सोमवारपासून रोज दहा देता येतील?"

कुणाही समजूतदार बाईनं हो म्हटलं असतं. तिनं कुशीतल्या चिमीचे घामानं चिकटलेले केस मागे सारले.

"सहा देईन. आणि एक ते तीन ही झोपते, तेव्हा मशीन बंद राहील."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग चिमीकडे. "सहा तर सहा," म्हणाल्या, आणि ब्रॅकेट पर्समध्ये टाकला.