समोरची सीट

धुरपताबाईंना गाडी लागायची, आणि तीसुद्धा साधीसुधी नाही. एकोडीच्या स्टँडवर इंजिन सुरू झालं की त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं, आणि साकोली यायच्या आत त्या पदराने तोंड पुसत "थांबव बापा, थांबव," म्हणायला लागायच्या. एसटी असो, काळीपिवळी असो, कुणाचं लग्नाचं वऱ्हाड असो, यात फरक पडायचा नाही. रेल्वेत त्यांना काही होत नसे. पण रेल्वे एकोडीला येत नाही, त्याला कोण काय करणार!

हे त्यांच्या एकटीपुरतं असतं तर घरच्यांनी हसण्यावारी नेलं असतं, आणि आजवर नेलंच होतं. यंदा मात्र सासूच्या त्या पोटावर सुनेचा सगळा संसार अडून बसला होता.

सून म्हणजे हर्षा. ती नर्स होती, बपेऱ्याकडच्या एका उपकेंद्रात. तिचा नवरा धर्मेंद्र वरठीला पोलाद कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. वरठीलाच दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. हर्षा सकाळी रेल्वेने तुमसर रोडला जायची, तिथून ऑटो, पुढे बस मिळाली तर बस, आणि परत घराचं कुलूप उघडेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. मग तीन वर्षांच्या तृप्तीला सांभाळायचं कुणी? म्हणून तिला एकोडीला आजीआजोबांकडे ठेवलं. चार दिवसांसाठी म्हणून ठेवलं होतं. त्याचा पावसाळा झाला, धान कापून झालं, मळून झालं, तरी पोरगी तिथेच.

दर रविवारी दोघं जायची. सुरुवातीला निघताना तृप्ती अंगण डोक्यावर घ्यायची, आईच्या साडीला लोंबकळायची. हर्षाला वाटायचं, यापेक्षा वाईट काही असूच शकत नाही. मग एका रविवारी पोरगी रडलीच नाही. आजीच्या कडेवरून तिने हात हलवला आणि दूधवाल्याला सांगावं तसं सांगितलं, "रविवारी ये." त्या दिवशी हर्षा लाखनीपर्यंत रडत आली. धर्मेंद्र गाडी चालवत राहिला.

उपाय सगळ्यांना दिसत होता. धुरपताबाईंनी सोमवार ते शनिवार वरठीला राहायचं आणि रविवारी एकोडीला जाऊन यायचं. डोमाजींना, म्हणजे सासऱ्यांना, भात रांधता येत होता आणि भाजी शेजारून आली असती. धुरपताबाईंची ना नव्हती. "येतो ना मी. नात तं माहीच हाये," त्या म्हणायच्या. "पन येऊ कशी? अन् आलो तं परत जाऊ कशी?"

धर्मेंद्रकडे गाडी होती. चांगली मोठी, उंच, पांढरी, सात माणसांची. तिच्यातून ते सगळे धम्मचक्र दिनाला नागपूरला गेले होते. धुरपताबाईंनी भंडारा, मौदा, कामठी रोड असं ठिकठिकाणी उतरून रस्त्याच्या कडेला बसत प्रवास केला, आणि दीक्षाभूमीवर पोचल्या तेव्हा स्तूप बघायचं त्राण उरलं नव्हतं. झाडाखाली पडून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय पाहिले. घरी आल्यावर त्यांनी कानाला खडा लावला. डोमाजी म्हणाले, "नाटक करते. मले काहून नाई लागत मंग?"

आता दुसरी गाडी घ्यायचं ठरलं ते खरं तर हर्षाच्या ड्युटीसाठी. मोहाडीवरून सरळ गेलं की ती उजेडात घरी येऊ शकत होती. भंडाऱ्याला जाऊन ती गाडी शिकली, लायसन्स काढलं. पण पांढऱ्या गाडीत बसलं की तिला बॉनेटच्या पुढचं काही दिसत नसे, आणि त्या गाडीला डिझेल पाजता पाजता दोघांच्याही पगाराच्या नाकी नऊ आले असते. म्हणून लहान, खिशाला झेपेल अशी, जुनी चालेल, पण चांगली.

रविवार सोडून मिळेल तो दिवस गाड्या बघण्यात जायला लागला. धर्मेंद्र अॅव्हरेज विचारायचा, टायर बघायचा, बॉनेट उघडून आत कान लावायचा. हर्षाच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती. ती प्रत्येक गाडीत मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसायची. सीटचा वास घ्यायची. धर्मेंद्र म्हणाला, "कार घेऊन राहिली का फणस?" भंडाऱ्याच्या एका गाडीवाल्याला तर तिने शेवटी विचारलंच, "दादा, याच्यात म्हाताऱ्या बाईले गाडी लागन का हो?" तो बिचारा गोंधळला. "मॅडम, एसी आहे, गाणे वाजतात, काचा बटनवर हायेत. पन हे काही कंपनी लिहून नाही देत," तो म्हणाला. धर्मेंद्र इतका हसला की हर्षा घरापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

मग साकोलीच्या कृष्णरावांची गाडी निघाली. कृष्णराव निवृत्त मास्तर. पोरं पुण्याला, गाडी आंब्याखाली झाकून ठेवलेली. लाल रंग उन्हाने जरा उतरलेला, पण आतून इतकी स्वच्छ की चपला बाहेर काढाव्याशा वाटाव्या. डॅशबोर्डवर एक छोटासा गणपती होता. कृष्णराव म्हणाले, "घरी नेऊन दाखवा. म्हाताऱ्या माणसांले बसवून पाहा. तुमची मोठी गाडी इथं उभी हायेच, पळून कुठं जाता!"

हर्षाने चावी घेतली. चालवणार मीच, असं तिने आधीच बजावून ठेवलं होतं. साकोली ते एकोडी तिने गाडी एकदाही बंद पडू दिली नाही आणि दारात उभी केली तेव्हा तिची बोटं स्टिअरिंगवरून निघता निघेनात.

डोमाजी बाहेर आले. खांद्यावरचा दुपट्टा सावरत त्यांनी गाडीला बैल बघतात तशी एक फेरी मारली. टायर पायाने ठोकला, बॉनेटवर हात दाबून पाहिला आणि "लहानी हाये, पन बरी हाये," असा निकाल दिला. तोवर तृप्ती मागच्या सीटवर चढून उभी राहिली होती आणि ओरडत होती, "आजी चाल! आजी चाल!"

"मले नको बापा," धुरपताबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तुमी जाऊन या."

तृप्तीने गळा काढला. आजी नाही तर मीपण नाही. हर्षा पायऱ्या चढून सासूजवळ गेली. त्यांना ती मामी म्हणायची. "मामी, तलावाच्या पाळीपर्यंतच. मी हळू चालवतो. तुमाले जरा जरी वाटलं तं थांबवतो."

नातीचं रडणं धुरपताबाईंना कधीच ऐकवत नसे. त्यांनी आतून एक पिशवी घेतली, लिंबू घेतलं, आल्याचा तुकडा कनवटीला लावला आणि दवाखान्यात निघाल्यासारखं तोंड करून बाहेर आल्या.

आता बसायचं कसं? या घरात हा प्रश्न कधी पडलेला नव्हता. समोरची सीट डोमाजींची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आणि वाटू नये असंच त्यांचं आयुष्य गेलं होतं. तरुणपणी त्यांनी दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्या कसल्या, बैलगाडीमागे पायी चालले, जीपच्या मागच्या फळीला लटकून बाजार केले. मुलाच्या गाडीत पहिल्यांदा समोर बसले तेव्हा गावातून जाताना त्यांनी काच मुद्दाम खाली ठेवली होती. त्या दिवशी हर्षाला त्यांचा अभिमानच वाटला होता. मागच्या जागेवर कोण बसलं होतं, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं, तिनेसुद्धा.

सवयीने डोमाजींचा हात समोरच्या दाराला गेला. दार अर्धं उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की स्टिअरिंगवर सून आहे. ते थबकले. ज्या माणसाने लग्नाला पाच वर्षं होऊनही सुनेशी नजर वर करून दोन शब्द बोलायचं टाळलं, ती ओसरीत झाडायला आली की जो अंगणात निघून जातो, त्याने तिच्या खांद्याला खांदा लावून बसायचं? त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"मी मांगं बसतो," ते म्हणाले.

धर्मेंद्र बापाकडे बघतच राहिला. मग तो मागे सरकला, मधे तृप्ती, पलीकडे डोमाजी, आणि तिघांनी मागची सीट भरून गेली. उरली ती एकच जागा. धुरपताबाई त्या उघड्या दाराशी उभ्या राहिल्या. लग्नघरात पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीकडे बघावं तसं त्यांनी त्या सीटकडे पाहिलं.

"इथं? मी?"

"बसा ना जी मामी. दुसरी जागाच नाई."

गाडी निघाली. विहार मागे पडलं, शाळा मागे पडली. हर्षाचा एक डोळा रस्त्यावर आणि एक सासूच्या हातातल्या पिशवीवर होता. पिशवी घट्ट धरलेली होती. पहिल्या वळणावर तिने जीव मुठीत धरला. हे जमलं नाही तर पुढे काय, हा विचार तिला करायचाच नव्हता, आणि तोच येत होता: पोरगी शाळेत जाईल ती एकोडीच्याच, ताप आला तर आजीलाच बिलगेल, आणि आपण रविवारचे पाहुणे होऊन राहू.

"हे देवाजीची बांधी ना वो?"

हर्षाने दचकून पाहिलं. धुरपताबाई खिडकीतून नव्हे, सरळ समोरच्या काचेतून बघत होत्या.

"लाखोरी बाकी मस्त आली यंदा त्याची," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रस्ता असा दिसते होय समोरून?"

तलावाची पाळ आली. पाण्यावर बदकं होती. हर्षाने पाय ब्रेकवर नेला. "थांबवू का मामी?"

"कायले? जाऊ दे ना."

गाडी पाळ ओलांडून मोठ्या रस्त्याकडे वळली. पिशवी कधीच पायाशी पडली होती. आणि तेवढ्यात मागून तो ओळखीचा सूर आला, पण आवाज वेगळा होता.

"थांबव. थांबव बापा."

डोमाजी उतरले ते सरळ मोहाच्या झाडाकडे गेले आणि बुंध्याला हात टेकून उभे राहिले. धर्मेंद्र पाण्याची बाटली घेऊन धावला. जरा वेळाने डोमाजी म्हणाले, "ऊन लागलं." पौषातली सकाळ होती, सगळ्यांच्या अंगावर स्वेटर होते.

धुरपताबाई उतरून गेल्या आणि नवऱ्याच्या हातात लिंबू दिलं. त्या हसल्या नाहीत. हर्षाच्या ते कायम लक्षात राहिलं, कारण तिला स्वतःला हसू आवरत नव्हतं. "चोखा," त्या म्हणाल्या. "दूर पाहा. खाली नका पाहू."

त्या परत येऊन बसल्यावर हर्षाने विचारलं, "मामी, याच्या आधी कधी समोर बसल्या होत्या तुमी?"

"समोर?" धुरपताबाईंना प्रश्नच कळला नाही. "समोर माणसं बसतात ना वो."

एवढी वर्षं. एवढ्या गाड्या, एवढी लग्नं, आणि ते नागपूर! एका बाईला एकदा पुढे बसवून बघावं हे कुणाला सुचलं नाही, आणि आपण मात्र सीटचे वास घेत भंडारा पालथा घातला. तिला राग आला, नवऱ्याचा, सासऱ्याचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. पण त्या रागाच्याही वर काहीतरी उसळून येत होतं. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं. तिने आरशातून मागे पाहिलं. तृप्ती बापाच्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली होती.

घरच्यांना एकोडीला सोडून दोघं परत निघाली. साकोलीला पोचेपर्यंत धर्मेंद्र विचार करत होता. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मायले मोठ्या गाडीतच समोर बसवलं असतं तं..."

"तं मामाजी कुठं बसले असते?" हर्षा म्हणाली. धर्मेंद्रने हात टेकले आणि कृष्णरावांची बेल दाबली.

व्यवहार चहा संपायच्या आत झाला. कृष्णरावांनी डॅशबोर्डवरचा गणपती अलगद सोडवून खिशात टाकला. "गाडी तुमची, हा माझा," ते म्हणाले, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभे राहिले.

पुढच्या रविवारी धुरपताबाईंचं बोचकं बांधून झालं. डोमाजींना पोचवायला चला म्हटलं तर ते म्हणाले, "घर कोन पाहीन? मी येईन मांगून फटफटीनं." पण गाडीपर्यंत ते आले. समोरचं दार त्यांनीच उघडलं, बोचकं बायकोच्या पायाशी नीट ठेवलं, आणि तिचा पदर आत घेऊन दार लावलं. "काच उघडी ठेवजो," एवढंच म्हणाले. धुरपताबाई लाखनीपर्यंत गप्प होत्या, पण ते गाडी लागल्यामुळे नव्हतं.

सोमवारी सकाळी वरठीला कारखान्याचा भोंगा वाजला. हर्षा डबा घेऊन बाहेर आली. दारात धुरपताबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर तृप्ती. आईला पर्स खांद्याला लावताना बघून तृप्तीने सवयीने हात हलवला.

"रविवारी ये."

हर्षा गाडीचं दार उघडता उघडता परत फिरली. "नाई वो बाई," ती म्हणाली. "आता रविवारी नाई. मी आज सांजीच येईन."

तृप्तीने आजीच्या तोंडाकडे पाहिलं. धुरपताबाईंनी मान हलवली. पोरीने थोडा विचार केला. मग तिचा हात पुन्हा वर आला.

"सांजी ये."

वरठीचं रेल्वे फाटक त्या सकाळीही बंद होतं. गाडी आल्यापासून रोज ते बंद दिसलं की हर्षा कपाळाला हात लावायची. त्या दिवशी तिने गाडी रांगेत लावली, इंजिन बंद केलं, आणि मालगाडी चांगली लांबलचक असल्यामुळे तिला नीट रडून घेता आलं.