नाव गिळणाऱ्या दोन रेघा

मी दोन उभ्या रेघांची जोडी बोलतेय. अशी: ||. कीबोर्डवरच्या माझ्या कळीवर तुमचं बोट चुकूनच पडत असेल. पण डेटाबेसमधून माहिती काढताना मला फार मान असतो. एका रकान्यातलं नाव, दुसऱ्यातलं आडनाव, मध्ये मी. झाली जोडणी!

माझी मालकीण पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात बसते. सगळे तिला मावशी म्हणतात. स्पर्धेची ओळखपत्रं छापायला तिने मला पहिल्यांदा जुंपलं, तेव्हा नावं आडनावांना अशी चिकटली की पोहायला शिकवणारे सर ओरडले, "मावशी, ही पोरं आहेत की मालगाडी?"

मध्ये मोकळी जागा सोड, असं कुणी सांगितलंच नव्हतं. मी कशाला आगाऊपणा करू?

मावशीने ते सुधारलं. पण स्पर्धेच्या सकाळी एक मुलगी तिच्या खिडकीशी आली. तिच्या ओळखपत्रावर फोटो होता, नाव नव्हतं. दारावरचे काका तिला आत सोडेनात आणि आत तिच्या शर्यतीची तयारी सुरू झाली होती.

"माझं नाव काढून टाकलं का?" तिने अगदी हळू विचारलं.

"छे गं! नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं जोडलंय. तुझं मधलं नाव काय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"आईने ठेवलंच नाही."

मावशीने कपाळावर हात मारला. माझा स्वभावच तसा आहे. रकान्यात काहीच नसलं की मी 'माहीत नाही' असं समजते आणि ते जोडलं की माझ्या लेखी सगळंच 'माहीत नाही' होतं. तिचं नाव, आडनाव, दोन्ही मी गिळून बसले होते.

"शहाणे, जे नाही त्याच्यापायी आहे तेही घालवलंस!" मावशी मला पडद्यावरच रागावली. मग तिने लिहिलं, मधलं नाव नसेल तर ते सोडून पुढचं जोड. प्रिंटर कुरकुरला. कागद गरम असतानाच मुलीने तो ओढला आणि धूम ठोकली.

"अगं, पळू नकोस, फरशी ओली आहे!" काका दार उघडत ओरडले.

भोंग्यावर तिचं नाव आडनावासकट पुकारलं गेलं. ती शेवटून दुसरी आली. तरी पाण्यातून बाहेर येताना हसत होती म्हणे.

मी अजून त्याच ऑफिसात जोडाजोडी करते. तुम्ही कधी मला कामाला लावलंत, तर कुणाकडे काय नाही तेवढं आधी सांगा. मला आपलं आपण नाही हो कळत.