ब्राझीलची लाथ

जयवंत माझा सख्खा धाकटा भाऊ. संपात तो मिलच्या गेटातून आत कामावर गेला आणि मी बाहेर उभा राहून बघितलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि या दशरथने टाकलं म्हणजे टाकलं. घाटकोपरच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. तो खोकला की मला इकडे कळायचं, औषध लागू पडलंय की नाही. पण विचारायचं नाही.

मग बातमी आली की जयवंतने खोली विकली, महिनाअखेरीस नालासोपाऱ्याला चालला. त्याची बायको प्रेमा नळावर आमच्या हिला, जानकीला, बोलली, आणि जानकीने मला ताट वाढताना सांगितलं.

"एकदा गेले की गेले. आता तरी तोंड उघडा," ती म्हणाली.

"मोठा कोण? मी. त्याने आधी बोलायचं."

भात तसाच टाकून उठलो. भात करपला होता, दुसरं काही नाही.

याच सुमारास आमच्या मंडळाचे सेक्रेटरी नंदकिशोर प्रधान यांनी पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक ब्राझीलचा पोरगा धरून आणला. नाव पाउलो. उंच, सावळा, कणकवलीच्या बाजारात उभा केला तर कोणी वळून बघणार नाही. तो दर रविवारी हॉलमध्ये कापोएरा शिकवणार. नाचही आहे आणि मारामारीही, असं प्रधान म्हणाले. आमच्याकडे लग्नात असतं तसं. पहिल्या रविवारी कुत्रं आलं नाही, म्हणून नियम निघाला: रेशनकार्डामागे एक बाप्या. आम्हा भावांची कार्डं वेगळी झालेली, त्यामुळे एका आईच्या पोटचे दोघेही हॉलमध्ये. तो त्या खिडकीशी, मी या खिडकीशी.

शिकायचं ते सोपं होतं. सगळ्यांनी गोल करून टाळ्या वाजवायच्या. पाउलो भोपळा बांधलेलं धनुष्य काठीने वाजवणार. दोघांनी गोलात उतरायचं, एकाने लाथ फिरवायची, दुसऱ्याने वाकून चुकवायची. लाथ जवळून गेली पाहिजे, लागता कामा नये.

ती लागायची. लाथ मारायला आमची माणसं कमी नाहीत, पण मारल्यावर पुढे जाता येईना. पाय लागला की थांबायचं, समोरच्याला हात लावायचा, तो हात आपल्या छातीला लावायचा. हे आईने शिकवलेलं, ते ब्राझीलच्या बापाला बदलता येणार नाही. चक्कीवाला शिवदास असा नमस्काराला वाकला आणि समोरच्याची फिरून आलेली लाथ त्याच्या कानावर बसली. मग समोरचाही नमस्काराला वाकला. दोघांची डोकी आपटली. पाउलोला वाटलं, हा इकडचा काही डाव असेल. पुढच्या रविवारी तोही लाथ मारून नमस्कार करायला लागला. चांगला करायचा.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. पाउलोने मला बोटाने बोलावलं, मग जयवंतला. दोघांची नाकं सारखी दिसली असतील. हॉलमध्ये टाळ्या एकदम विरल्या. सगळ्या चाळीला माहीत होतं. एकट्या पाउलोला नव्हतं, आणि त्याला सांगणार कोण, कुठल्या भाषेत? तो वाजवत राहिला.

मी पहिली लाथ फिरवली ती लागावी म्हणूनच. जयवंत वाकला. दुसरीही चुकवली साल्याने. मग त्याची आली. मला वाटलं डावीकडून येईल, ती उजवीकडून आली आणि सणसणीत गालफडावर बसली. मी खाली बसलो. डोकं असं तापलं की म्हटलं आज याचा मुडदाच पाडतो.

जयवंत धावत आला. मोठ्या भावाच्या तोंडाला पाय लागलेला, त्याला नुसता हात लावून कसं भागणार? तो गुडघ्यावर बसला आणि त्याने डोकं माझ्या पावलांवर टेकलं.

"असू दे, असू दे," मी म्हटलं.

म्हटलं आणि मग कळलं. पायावर डोकं आलं की तोंडातून हे निघतंच, त्यात माझा काय दोष? पण निघालं होतं. हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. जयवंत डोकं उचलेना. माझी पावलं ओली झाली.

आता तोंड उघडलंच होतं. "पाणी तरी येता काय रे थंय, नालासोपाऱ्याक?" मी आमच्या मालवणीत विचारलं.

"एक दिसाआड."

"मगे जातस कित्याक, मेल्या?"

त्याने मान वर केली. "तू एकदा तरी थांब म्हटलंस काय, दादा?"

बोलतच नव्हतो तर म्हणणार कसं, हे मनात आलं, पण ते त्याला सांगायची लाज वाटली. मला रडू आलं आणि मी रडलो. गाल दुखत होता म्हणून नव्हे.

खोली विकून झाली होती, घेणारा उंबऱ्यात उभा होता. तेव्हा थांब म्हणून उपयोग नव्हता, तरी मी म्हटलं. टेम्पो आला त्या दिवशी ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती. तिथे प्रेमाला बसवलं. आम्ही दोघे भाऊ मागे, कपाटाला पाठ लावून बसलो. नालासोपाऱ्यापर्यंत काय बोललो ते सांगत नाही. पोचल्यावर ड्रायव्हर म्हणाला, उतरा आता, आणि आम्हाला वाटलं होतं की आत्ताच कुठे घोडबंदर आलं.