पोशेऱ्याचा भाव

मुलाखती देऊन देऊन योगिताचा जीव मेटाकुटीला आला होता. दरवेळी कंपनी नवी, पण शेवटी तेच, "कळवतो." जव्हारच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा म्हटलं तरी आता तिच्या कपाळाला आठी पडे.

या खेपेला ठाण्याच्या एका कंपनीनं परीक्षा म्हणून काम दिलं: पालघर जिल्ह्यातल्या घरांच्या किमतींचा नकाशा. जिथं घर महाग, तिथं रंग गडद. नकाशा झकास उतरला, फक्त मोखाड्याकडची बरीच गावं पांढरी राहिली. त्यात तिचं पोशेराही होतं. तिथं घर विकतं कोण? एकाचं घर उभं करायला अख्खा पाडा येतो, जेवतो नि आपापल्या वाटेनं जातो. त्याची नोंद कुठं व्हायची!

"नकाशाला भोकं पडलीत," मुलाखत घेणारे भावेश सर म्हणाले. "भरून टाका."

"पण सर, तिथं विक्रीच होत नाही."

"मग शेजारचा भाव धरा. आम्हाला अडून बसणारी माणसं नकोत."

योगिता अडून बसली नाही. अडायलाही अंगात बळ लागतं. तिनं जव्हारचा भाव घेतला, मनानं थोडा उतरवला आणि पोशेऱ्यावर फिकट नारिंगी चढवला. नोकरी लागली. तिच्या आईनं, सुकरीनं, पाड्यात गूळ वाटला.

दिवाळीला ती घरी गेली, तर ओटीवर बाप आणि जगनकाका एकमेकांकडे पाठ करून बसलेले. काका ठाण्यात बांधकामावर असे. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. कंपनीनं तिचाच नकाशा लोकांसाठी खुला केला होता.

"बघ पोरी, पोशेऱ्यात घराला बारा लाख! मना माझी वाटणी पायजे."

"वाटणी म्हंजे काय, घर मधून कापू?" बाप म्हणाला. "योगिता, तू शिकलेली. तू सांग, खरा हाय का हा भाव?"

योगिताला लाज वाटली, पण बोलली. "खोटा आहे, बाबा. मीच टाकलाय तो. अंदाजानं."

काका मग कौतुकानं हसला.

"तू टाकलास? मंग बरोबरच असंल. कंपनीनं तुला उगा नाय घेतली."

आणि बापानंही हळूच मान डोलावली.