देवळात गेलीय

रक्तदाब तपासायचा म्हणून नवऱ्यासोबत आले, आणि डॉक्टरीणबाईंनी संसारच तपासायला घेतला! नीरजाला हसू आवरेना. झाशीच्या छावणीत पलटणीच्या दवाखान्यात ही नवीन सोय निघाली होती. नवरा-बायकोनं थोडा वेळ डॉक्टरपुढं बसायचं आणि एकमेकांचं काय आवडतं, काय खुपतं ते सांगायचं.

हसत होती, पण आतून धाकधूक होतीच. सीमेवरून परतल्यापासून पार्थ गप्प गप्प होता, आणि पुन्हा तिकडेच जायला त्यानं आपणहून नाव दिलं होतं. का, ते सांगत नव्हता. तीही विचारत नव्हती. फौजीच्या बायकोनं ‘जाऊ नका’ म्हणायचं नसतं, हे सासूबाईंनी लग्नातच बजावलं होतं.

“पार्थ जी, पहले आप. क्या खटकता है?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पार्थ बुटांकडे बघत म्हणाला, “मॅडम, इन्हें मुझसे बात ही नहीं करनी होती. पिछली बारिश में जब भी फोन किया, माँ कहती थीं, मंदिर गई है.” मग नीरजाकडे वळला. “सकाळी देवळात, संध्याकाळी देवळात. एवढी कसली गं भक्ती? बोलायचं नव्हतं तर तसं सांगायचं.”

नीरजा खुर्चीत पुढं सरकली.

“अहो, मी दवाखान्यात होते. डेंगू झाला होता. आईंनी देव पाण्यात घातले होते. तुम्ही तिकडे बर्फात, तुमचा जीव कशाला टांगणीला लावायचा, म्हणून त्या...”

पार्थचा चेहरा उतरला. “आणि मेली असतीस तर? तेव्हाही देवळातच?”

थाप सासूबाईंची खरी, पण बरी झाल्यावर तिनंही ती तशीच चालवली होती. त्याला जपता जपता त्याला परकं करून ठेवलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

“जाऊ नका,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाई ऐकताहेत, सासूबाईंना कळेल, कशाचीच तिला पर्वा उरली नाही. “मला तुम्ही घरी हवे आहात.”

पार्थ तिच्याकडे बघतच राहिला. “हे आधी म्हणाली असतीस, तर नाव कशाला दिलं असतं?”

“मग काढून घ्या.”

तो उठला. “साहेब मानतील की नाही, कोण जाणे. विचारून येतो. तू इथंच बस.”

“बसते,” ती म्हणाली, आणि तो दाराबाहेर पडल्यावर मनसोक्त रडली.