लोकांच्या गाड्या आणि मी

मित्रांनो, माझ्या डाव्या दारावर हात फिरवून बघा. मधोमध एक दबलेली घडी लागेल. तो पत्रा मुळात माझा नाहीच. दूध वाहणाऱ्या एका टेम्पोचा आहे. मी शर्यतीची एक जुनी गाडी आहे, आणि माझं अर्धं अंग असंच इकडून तिकडून गोळा केलेलं आहे.

मला घडवलं उस्तादांनी. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. गाड्यांची बॉडी बनवणं हा त्यांचा धंदा होता. सपाट पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून ते लाकडी हातोडीनं असा ठोकत, की त्याला हळूहळू गोलाई येई. "पत्र्याशी भांडायचं नसतं, त्याची समजूत काढायची असते," असं ते म्हणत. कुणाला रुंद मडगार्ड हवं असे, तर कुणाला छत कापून गाडी बुटकी करून हवी असे. काम झालं की उस्ताद डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवत. हाताला जरा खटकलं, तर पुन्हा हातोडी उचलत.

मी मात्र घरची. उरलेल्या पत्र्यातून, उरलेल्या वेळात झालेली. माझं बॉनेट तर तारेनं बांधलेलं होतं.

"लोकांच्या गाड्या दागिन्यासारख्या जपता," उस्तादांची बायको म्हणायची. गॅरेजमध्ये सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. "आणि हिला अजून तार?"

"करतो गं. हातातलं गिऱ्हाइकाचं काम संपू दे."

गिऱ्हाइकाचं काम कधी संपतं का?

तरी आमचे दिवस मोठे छान होते. आमची शर्यत अगदी सरळ रस्त्यावरची. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि जी पलीकडची रेष आधी गाठेल ती जिंकते. सगळा खेळ चार-पाच श्वासांचा. त्याआधी जागच्या जागी चाकं फिरवून टायर तापवावे लागतात. धूर होतो, गाडी पुढे सरकते, आणि मग तिला सरळ मागे आणावी लागते. मला चालवणाऱ्या उस्तादांना मागचं दिसत नसे. वहिनी समोर उभी राहून हातांनी दाखवी: थोडं डावीकडे, अजून, बस. ती कधी चुकली नाही. आम्ही पुष्कळ शर्यती जिंकलो. लोक माझ्याजवळ उभं राहून फोटो काढत. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला सांगू?

मग एका दुपारी भर वेगात वारा माझ्या बॉनेटखाली शिरला. तार तुटली. बॉनेट उलटून काचेवर आदळलं आणि उस्तादांना समोरचं काही दिसेना. मी कडेच्या भिंतीला घासत लांबवर गेले. उस्ताद वाचले, पण त्यांचा गुडघा कायमचा आखडला. वहिनी त्यांना एका शब्दानंही बोलली नाही. ते न बोलणंच त्यांना जास्त लागलं.

मला गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं. माझ्या छतावर रंगाचे डबे आले. सीटवर मांजर व्याली. उस्तादांनी शर्यत सोडली, पण कारागीर म्हणून त्यांचं नाव वाढत गेलं. एकाहून एक देखण्या गाड्या माझ्यासमोरून बाहेर पडल्या. माझ्याजवळून जाताना उस्ताद मान वळवत.

बरीच वर्षं अशी गेली. एका सकाळी वहिनी माझ्या छतावरचे डबे उतरवू लागली.

"हे काय चाललंय?" उस्तादांनी विचारलं.

"गाडी बाहेर काढतेय. मी चालवणार आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"इतकी वर्षं हिला रेषेवर मीच आणून उभी केली. पुढचं तेवढं राहिलंय. आपल्या गॅरेजातले मिस्त्री इंजिन करून देतो म्हणालेत. हिचं तोंड, नवं बॉनेट, तुम्ही बनवायचं."

"मी नाही बनवणार."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घेते."

त्या संध्याकाळी कोरा पत्रा आला.

बॉनेट तयार झालं. उस्तादांनी त्यावरून हात फिरवला, आणि ते बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरंही त्यांना पसंत पडेना. तिसऱ्याला त्यांनी चारही कोपऱ्यांत पक्क्या कड्या बसवल्या आणि मिस्त्रींना ओढून बघायला सांगितलं. मिस्त्री ओढून ओढून घामाघूम झाले.

"तिच्यासाठी केलं ते तेव्हा स्वतःसाठी का नाही केलं, कोण जाणे," उस्ताद हळूच म्हणाले.

"तुम्ही स्वतःला गिऱ्हाईक समजला नाहीत, उस्ताद," मिस्त्री म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी दाखवायला समोर उस्ताद उभे राहिले. त्यांचे हात इतके थरथरत होते, की वहिनीनं अंदाजानंच मला रेषेवर आणलं. हिरवा दिवा लागला. वाऱ्यानं माझं तोंड चाचपून पाहिलं, पण त्याला कुठे फट सापडली नाही. शेजारची गाडी नाकभर पुढे गेली. आम्ही हरलो.

उस्ताद लंगडत लंगडत अख्खा रस्ता चालून आले. वहिनीनं हेल्मेट काढलं.

"डावीकडं ओढते ही," ती म्हणाली.

"चाक बघतो." ते माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. तुम्ही जरा नीट दाखवत चला."

आणि इतक्या वर्षांनी उस्ताद मोठ्यानं हसले.

मित्रांनो, जगाचं काम चोख करणारी माणसं घरच्या कामाला 'उद्या' म्हणतात. तुम्ही तसं करू नका. घरची वस्तू, घरचं माणूस आणि आपण स्वतः यांना रांगेत शेवटी उभं करू नका. आपल्या जिवालाही चांगला पत्रा लागतो.

आता जरा बाजूला व्हा. वहिनी हेल्मेट घालते आहे, आणि आज उस्तादांचे हात स्थिर आहेत.