डावीकडचा पंप

बाळकृष्ण तांबवेकर रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांचा एकच गुण सांगितला, आणि तो गुण आहे की खोड याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय ते फाईल बंद करू देत नसत. इंजिन थांबलं म्हणजे कशानं तरी थांबलं, ते शोधा, मग घरी जा, हा त्यांचा खाक्या. हाताखालचा एखादा इंजिनियर "सर, इंटरमिटंट है, कभी होता है, कभी नहीं" म्हणाला की त्याची सुटका नसे.

मूळ गाव मिरज. पण बत्तीस वर्षं लखनौत काढल्यावर मिरजेत ओळखणारं कुणी उरलं नव्हतं, आणि विकास नगरात ओळखणारे सगळे त्यांना तांबेकर साहब म्हणत. आडनाव दुरुस्त करायचंही त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी वासंतीबाई गेल्या आणि घरात मराठी बोलायला माणूस राहिला नाही. सकाळी दूधवाला भैया, दहा वाजता कामवाली, त्यानंतर रात्रीपर्यंत टीव्ही. माणूस एकटा पडतो म्हणजे काय होतं, हे ज्याला कळलं नाही त्यानं बाळकृष्णरावांची दुपार एकदा पाहावी. ते वर्तमानपत्रातल्या टेंडरच्या नोटिसासुद्धा वाचून काढत.

बैठकीच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. मुलगा अमोघ यानं नोकरीसाठी स्वीडनला जाण्याआधी हे खूळ घरात आणलं होतं. समुद्र इथून हजारावर किलोमीटर दूर, तरी पाकिटातलं मीठ मोजून घालायचं आणि घरातल्या घरात समुद्र करायचा. आत नारिंगी क्लाउनफिशची जोडी, काही खडक, थोडं जिवंत प्रवाळ. काचेच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक पंप चुंबकानं चिकटवलेला. ते पाणी सतत फिरतं ठेवत, कारण पाणी थांबलं की समुद्रातल्या जिवांचा श्वास कोंडतो. जाताना अमोघनं ही टाकी बापाच्या गळ्यात मारली. दर रविवारी दुपारी चारला तो व्हिडिओ कॉल करी. "बाबा, टँक दिखाइए." मराठी त्याला सगळं कळे, बोलायचा मात्र हिंदी. टाकी बघून झाली, तब्येत विचारून झाली की पाच मिनिटांत फोन संपे.

जूनच्या सुरुवातीला डावीकडचा पंप गुणगुणायला लागला आणि मग फिरायचा थांबला. नुसता आवाज, पाणी जागचं हलेना. बाळकृष्णरावांनी अमोघला कळवलं, आणि त्या दिवसापासून अमोघ रोज फोन करू लागला. तिकडे साडेबारा, जेवणाची सुट्टी. इकडे चार.

सवयीप्रमाणे बाळकृष्णरावांनी आधी विजेवर संशय घेतला. विजेच्या माणसाला प्रत्येक पाप विजेचंच वाटतं. मल्टिमीटर काढून व्होल्टेज बघितलं, वायर तपासली, इन्व्हर्टर बाजूला करून पाहिला. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी अमोघ म्हणाला, "बाबा, दोनों की जगह बदलकर देखिए ना." बदलून पाहिलं, तर बिघडलेला पंप उजवीकडे नेल्यावरही तसाच गुणगुणत राहिला. म्हणजे सप्लाय ठीक, रोग पंपाच्या पोटातच. पोरानं बापाला बापाचीच विद्या शिकवली, आणि बापाला त्याचा इतका आनंद झाला की त्या रात्री त्यांनी स्वतःसाठी साबुदाण्याची खिचडी केली.

चौथ्या दिवशी पंप उघडून आतला पंखा व्हिनेगरमध्ये भिजवला. पांढरा चुन्याचा थर टूथब्रशनं घासून काढला. तरीही पंप अडखळेच. पाचव्या दिवशी त्यांनी वासंतीबाईंच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणि स्वतःचं भिंग घेतलं, आणि पंख्याची दांडी जिथे बसते त्या भोकातून मोहरीच्या दाण्याएवढी गोगलगाय बाहेर काढली. पंप पुन्हा डावीकडे जोडला. पाणी असं सुटलं की प्रवाळाची सगळी बोटं एका बाजूला झुकली. साडेतीन वाजले होते. चार वाजता काय काय सांगायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं.

चारला फोन आला. अमोघ घाईत होता. हॅलो म्हणायच्या आधीच म्हणाला, "आज ठीक हो गया हो तो बढ़िया, फिर संडे को ही बात करते हैं. नहीं हुआ?"

बाळकृष्णरावांच्या तोंडात गोगलगाय अगदी आली होती.

"नाही रे," ते म्हणाले. "अजून गुणगुणतोय."

आयुष्यात कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता, तो असा एका दमात दिला गेला. त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा बरं अधिक वाटलं, हेही खरंच.

मग तो क्रमच पडला. साडेतीनला ते डावीकडच्या पंपाचं बटण बंद करत. चारला अमोघला थांबलेला पंप दाखवत. कॉल संपला की बटण चालू. मधल्या वेळात दोघं बोलत, पंपाबद्दल आणि पंपाच्या आडून इतरही. अमोघच्या ऑफिसातलं जेवण कसं बेचव आहे, तिकडे रात्री दहालाही उजेड असतो, घरमालकीण कशी खवट आहे. मलिहाबादी दसहरी आंबा बाजारात आला का, असंही एकदा त्यानं विचारलं. बाळकृष्णराव दुसऱ्याच दिवशी जवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारातून किलोभर आणून कॅमेऱ्यापुढे धरून बसले. जूनच्या उकाड्यात तासभर एकाच पंपावर टाकीतलं पाणी जड होई, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत. ते बघवत नसे. "एवढंच, आता लावतो," ते माशांना मराठीत सांगत.

खोटं टिकवायचं तर त्यालाही बातमी लागते. म्हणून त्यांनी मध्ये एकदा पंप दुरुस्त झाल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडल्याचं. आठवड्यानं परत तेच. अमोघ ऐकत राहिला. मग एका गुरुवारी म्हणाला, "बाबा, तीन बार फेल हो चुका है. आप ही कहते थे ना, तीन बार एक ही फेल्युअर आए तो मरम्मत मत करो, कंडेम करो."

"पंप कंडेम करायचा? नवा घेऊ की."

"पंप नहीं, पूरा टँक. इस गर्मी में, इस उमर में, आप रोज़ हाथ डालकर बैठे रहते हैं. मुझे यहाँ अच्छा नहीं लगता. वहीं लखनऊ में, महानगर मोहल्ले में निरंजन है, मेरे साथ पढ़ता था, उसके पास ऐसे तीन टँक हैं. शनिवार को ले जाएगा. मैंने बात कर ली है."

त्यात प्रेमाशिवाय काही नव्हतं. पंप चांगला आहे म्हणावं तर पंधरा दिवसांचं सगळं सांगावं लागणार. रेल्वेत दोन हजार माणसं हाताळलेल्या गृहस्थानं पोटच्या पोराला काय सांगायचं, की मला तुझा आवाज रोज हवा होता? "बरं," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी निरंजन टेम्पो, पिंप आणि जाळी घेऊन आला. शहाणा, नीट वागणारा मुलगा. पाणी पिंपात भरायच्या आधी त्यानं विचारलं, "अंकल, खराब वाला कौन-सा है?"

"डावा. लेफ्ट."

तो येण्याआधी बाळकृष्णरावांनी बंद करून ठेवलेलं बटण निरंजननं दाबलं. पंप झटक्यात सुरू झाला, आवाजसुद्धा नाही. त्यानं वळून पाहिलं. "अंकल, ये तो चल रहा है."

"इंटरमिटंट है," बाळकृष्णराव म्हणाले. "कभी होता है, कभी नहीं."

निरंजन त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "आप कहें तो रहने देते हैं," तो हळूच म्हणाला. "मैं अमोघ को समझा दूँगा, पंप बदल दिया."

बाळकृष्णरावांना तो मुलगा एकदम आवडला. पण बदललेला पंप म्हणजे संपलेली तक्रार, आणि संपलेली तक्रार म्हणजे पुन्हा रविवारची पाच मिनिटं. शिवाय टाकी राहिली तर आपण पुन्हा बटण बंद करणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि दुपारी मासे वर येतात ते आता सहन होत नव्हतं. "ले जाओ बेटा," ते म्हणाले. "तुम्हारे पास ठीक रहेंगे."

दुपारपर्यंत टाकी गेली. भिंतीवर मिठाचे पांढरे ओघळ तेवढे राहिले. खोलीत इतकी शांतता झाली की पंखा किती कुरकुरतो ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं.

चारला फोन आला. "ले गया ना? अच्छा हुआ बाबा. अब आप बिलकुल फ्री."

"हो."

"तो ठीक है फिर, रखूँ? कल..."

"अमोघ, पंप चांगला होता."

"मतलब?"

"पाचव्या दिवशीच दुरुस्त झाला होता. गोगलगाय अडकली होती, मी काढली. मग तू फोन करायच्या आधी रोज मी बटण बंद करत होतो. पंप दुरुस्त झाला असता तर तू रोज फोन केला नसतास."

तिकडे ताटावर चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"तो... बोलना था ना, बाबा."

"काय बोलायचं होतं?" बाळकृष्णरावांनी अगदी खरोखरच विचारलं. "तूच सांग. कसं बोलतात ते?"

अमोघनं ताट बाजूला सरकवलं. जेवण केव्हाच निवलं होतं. दोघंही फोन धरून बसून राहिले, आणि ठेवला मात्र कुणीच नाही.